कणगीमागच्या वहाणा

“पाय सैल सोडा, आत्याबाई. धरून ठेवलाय तुम्ही.”

“म्या कुठं धरलाय? तुझा मोजाच माज्या पायाला भिऊन बसलाय.”

शामला पलंगापाशी गुडघे टेकून बसली होती. मोजा टाचेशी अडला होता. रोज तिथंच अडे. मातकट रंगाचा, जाड, ताणाचा मोजा. बोटांशी उघडा आणि वर पार मांडीपर्यंत येणारा. आधी तो उलटा करायचा, पाऊल आत घालायचं, टाच नेमकी टाचेवर बसवायची आणि मग दोन्ही हातांच्या तळव्यांनी इंच इंच वर सारायचा. कुठं चुणी राहिली तर संध्याकाळपर्यंत तिथं सुरी फिरवल्यासारखा वळ उठे. पावडरचा डबा संपल्यापासून शामला सासूच्या पायाला तांदळाचं पीठ लावत होती. त्यानं मोजा जरा सरके.

“पीठ लावून झालं,” सिताबाई म्हणाल्या. “आता थाप की भाकर.”

शामलाला हसू आलं, पण हसायला सवड नव्हती. चुलीवर दूध होतं. पुढच्या खोलीत सोलापूरहून आलेले यात्रेकरू उतरले होते. त्यांच्यातली एक बाई अंघोळीच्या पाण्यासाठी दुसऱ्यांदा हाक मारत होती. शामलानं दात आवळून जोर लावला, टाच बसली, मोजा गुडघ्यावरून वर गेला. मग दुसरा पाय.

ती कमरेला हात लावून उठली तेव्हा सिताबाईंचे दोन्ही हात छातीशी जोडलेले होते. सून बघते आहे असं दिसताच त्यांनी ते सोडले आणि पदर सारखा करायला लागल्या.

हे रोजचं होतं. शामला वाकलेली असे तोवर सिताबाई तिच्या डोक्यावरून हात जोडून बसत, आणि ती वर बघायच्या आत हात खाली घेत. घरच्या लक्ष्मीनं आपल्या पायाशी बसावं याचं त्यांना पाप वाटे. शामलाला हे कळत होतं. न कळल्यासारखं करणं तिला बरं वाटे.

आखाडात मोरीच्या दगडावरून सिताबाईंचा पाय घसरला आणि त्या खुब्यावर पडल्या. गावातल्या हाडवैद्यानं हात टेकले. मार्तंडनं, त्यांच्या मुलानं, त्यांना मोटारीत आडवं घालून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं मांडीच्या हाडाचा वरचा मोडका गोळा काढून लोखंडाचा गोळा बसवला. तुळजापुरात असलं कुणी ऐकलं नव्हतं. सिताबाई घरी आल्या तेव्हा शेजारच्या कमलबाईंनी हळूच विचारलं होतं, “लोखंड हाय म्हणता, मग पावसाळ्यात गंजायचं न्हाई का?” त्यावर सिताबाई म्हणाल्या होत्या, “गंजलं तर भंगारात घाल मला.”

निघताना डॉक्टरांनी शामलाला बाजूला घेतलं होतं. मार्तंड औषधं आणायला गेला होता, आणि तसंही मांडीपर्यंतचे मोजे आईच्या पायात घालणं मुलाकडून होण्यातलं नव्हतं. सकाळी पाय पलंगाखाली सोडायच्या आधी मोजे चढवायचे, रात्री निजताना काढायचे. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. गोळ्याची आता मला काळजी नाही, डॉक्टर म्हणाले होते, मला काळजी रक्ताची आहे. पाय पडून राहिला की त्यात रक्ताची गाठ धरते. ती सरकून छातीत गेली तर माणूस बोलता बोलता जातो. म्हणून हे मोजे. एक दिवस चुकवू नका.

शामलानं मान हलवली होती. हे वाक्य तिनं घरी कुणाला सांगितलं नाही, घाबरतील म्हणून. तेव्हा गाठीची गोष्ट त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होती.

सिताबाईंना दुखण्याचं काही वाटत नसे. त्यांना वाटे ते दुसऱ्याच्या हातून करून घेण्याचं. त्यांची स्वतःची सासू अर्धांगानं बरीच वर्षं अंथरुणाला होती. तिचं सगळं सिताबाईंनी केलं होतं. त्याबद्दल त्या एरवी बोलत नसत. एकदा मात्र, पीठ लावून घेताना, म्हणाल्या होत्या, “सासूचे पाय चेपताना म्या तिच्या मरणाची वाट बघितलीय, शामल. कुणाला सांगू नगंस. तवाच ठरवलं व्हतं, आपले पाय कुणाच्या हातात द्यायचे न्हाईत.” शामलानं मोजा वर सारला.

भादव्याच्या वद्य पक्षात देवी निद्रेला गेली. देवळात मूर्ती पलंगावर निजवली गेली, आणि देवी पलंगावर म्हणून गल्लीतल्या बायकांनी आपापल्या घरातल्या गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. देवीचं निजणं संपेतो आपण जमिनीवर. सिताबाईंनी लग्न होऊन आल्यापासून हे एकदाही मोडलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मार्तंडला जवळ बोलावलं आणि मला खाली उतरव म्हणाल्या. मार्तंडनं नाही म्हटलं. डॉक्टरांनी जमिनीवर निजायला बंदी केली होती. उतरताना गोळा निसटला असता. सिताबाईंनी वाद घातला नाही. भिंतीकडे तोंड करून त्या रडल्या. आवाज नव्हता, फक्त खांदा हलत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शामलाकडून पलंगावरची गादी काढून घेतली आणि उघड्या फळ्यांवर घोंगडी टाकून निजल्या. फळ्यांनी अंग सोलून निघे. देवी उठेपर्यंत त्यांनी ते सोसलं.

शामलानं तो चेहरा पाहिला होता. म्हणून घटस्थापनेच्या सकाळी तिला फरक कळला.

त्या सकाळी घर यात्रेकरूंनी भरलं होतं. पुढच्या दोन खोल्या, ओसरी, अंगणातला आडोसा, सगळीकडे माणसं. मार्तंडचं महाद्वाराजवळ ओटीच्या सामानाचं दुकान होतं. खण-नारळ, कवड्यांच्या माळा, परड्या. नवरात्रात तो पहाटे जाई तो रात्रीच परते. पाणी तापवणं, चहा, दोन वेळचा स्वयंपाक, सगळं शामलाच्या अंगावर. ती मोजे घेऊन पलंगापाशी आली तेव्हा चुलीवर पाण्याचा हंडा होता, हात पिठाचे होते, आणि कमरेत उसण भरलेली होती.

सिताबाईंनी पाय घोंगडीत ओढून घेतले.

“आजपासून नगं.”

“काय नको?”

“पायातलं. नवरात्र बसलं. म्या अनवाणी असते नवरात्रात. हे पायातलंच की.”

त्या हे चुलीकडे बघत, सहज बोलल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. देवीच्या निद्रेच्या वेळचा तो चेहरा नव्हता.

शामलाच्या हातात मोजे तसेच राहिले. गावात पुष्कळ लोक नऊ दिवस अनवाणी चालत. पण सिताबाई नाहीत. त्यांच्या टाचांना खोल भेगा होत्या आणि त्यात खडे जात. देवीला माज्या भेगा ठावं हायत, असं त्या हसून सांगत. मागच्या अष्टमीला त्या मार्तंडचा डबा घेऊन वहाणा घालूनच दुकानात गेल्या होत्या. शामलानंच डबा हातात दिला होता. त्या वहाणा आत्ता, या घटकेला, उंबऱ्यापाशी कोपऱ्यात होत्या. आखाडात पडल्यापासून तिथंच होत्या.

आत्याबाई, तुम्ही कुठं अनवाणी असता? एवढंच म्हणायचं होतं.

ओसरीवरून हाक आली, पाणी झालं का हो बाई.

“देवीचं असंल तर राहू द्या,” शामला म्हणाली.

आणि ते बोलताना तिच्या पाठीवरून, मानेपासून कमरेपर्यंत, काहीतरी हलकं होऊन उतरलं. पाणी उन्हात तापलेल्या अंगावर पडावं तसं. त्या सुखाची तिला लगेच लाज वाटली, पण सुख आधी आलं होतं.

तिनं मोजे घडी करून भिंतीतल्या देवळीत ठेवले. थोड्या वेळानं केर काढताना उंबऱ्यापाशी आली. वहाणा तिथंच होत्या. अंगठ्याची जागा काळी पडलेली, टाचा झिजलेल्या. मार्तंड रात्री येईल, जाता-येता त्याची नजर पडेल, आणि अनवाणीचं कळलं तर तो म्हणेल, आई कधीपासून अनवाणी राहायला लागली? शामलानं इकडंतिकडं पाहिलं. सिताबाई डोळे मिटून जप करत होत्या. तिनं केरसुणीनं वहाणा पुढं लोटल्या, भिंतीकडेनं नेल्या आणि ज्वारीच्या कणगीमागं सारल्या.

दिवस गर्दीत जात होते. सकाळचा तो पाव तास मोकळा झाला होता आणि त्या पाव तासात चार भाकरी जास्त होत. मार्तंडनं दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, आईचं सगळं नीट चाललंय ना. शामला म्हणाली, चाललंय. खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही, कारण सिताबाई खरंच नीट दिसत होत्या. काठी धरून पलंगाभोवती फिरत, यात्रेकरू बायकांशी गप्पा मारत. शामला मात्र त्यांच्या पायांकडे बघत नव्हती. जेवणाचं ताट ठेवताना, तांब्या देताना ती नजर पलंगाच्या कडेपर्यंतच नेई.

पाचव्या माळेच्या आसपास सिताबाईंनी फिरणं कमी केलं. गर्दीत कुठं कडमडू, म्हणाल्या. लुगडं पावलापर्यंत ओढून बसू लागल्या. शामलाला दिसलं. तिनं मनाशी म्हटलं, होमाचा दिवस जाऊ दे, मग बघू.

होमाच्या दिवशी कमलबाई प्रसाद घेऊन आल्या. जेवणं चालली होती. कमलबाई पलंगाच्या कडेला टेकल्या तशा सिताबाई कळवळल्या. कमलबाईंनी लुगडं वर केलं आणि तोंडावर हात ठेवला. डावी पोटरी उजवीच्या दुप्पट झाली होती. कातडी ताणून तांब्याच्या घागरीसारखी चकाकत होती.

“अगं बया. आणि ते मोजे कुठं गेले?”

“अनवाणी आहेत ना,” शामला दारातून म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“कोण, सिताबाई?” कमलबाई म्हणाल्या. “जन्मात कधी अनवाणी न्हवती ही. मागल्या साली माज्यासंगं वहाणा वाजवीत होमाला आलती.”

शामला वाकून पोटरीला हात लावायला गेली. पाय चुलीच्या वैलासारखा गरम होता.

मार्तंड दुकान उघडं टाकून आला. नवरात्राच्या गर्दीत मोटार मिळायला दुपार उलटली. सोलापूरच्या वाटेवर शामला मागं सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाडी खड्ड्यात आदळली की ती सिताबाईंच्या छातीकडे बघे. वर होतेय का, खाली होतेय का. बोलता बोलता माणूस जातो, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तिला वाटे, आत्याबाईंनी बोलूच नये. आणि त्या गप्प राहिल्या की वाटे, काहीतरी बोलावं.

डॉक्टरांनी पाय पाहिला, मग शामलाकडे पाहिलं. मोजे कुणी बंद केले, त्यांनी विचारलं.

शामलाचं तोंड उघडलं. सिताबाईंनी तिला बोलू दिलं नाही.

“म्या काढून टाकले. हिनं लई सांगितलं. म्या ऐकलं न्हाई.”

“आई, तुला काही अक्कल?” मार्तंड म्हणाला. आईशी तो असं कधी बोलला नव्हता. सिताबाईंनी मान खाली घातली. पोराचं बोलणं मुकाट ऐकून घेतलं. शामला शेजारी उभी होती. एक शब्द बोलायचा होता. तिच्या हातात सासूच्या लुगड्याचं बोचकं होतं, ते तिनं या हातातून त्या हातात घेतलं.

पाय उंच टांगून, सुया टोचून, सिताबाईंना बरेच दिवस तिथं ठेवलं. गाठ छातीपर्यंत गेली नाही. देवीनं राखलं, असं सगळे म्हणाले. पण पोटरीत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाय आता असाच जड राहणार, डॉक्टरांनी सांगितलं, आणि मोजे जन्मभर.

दवाखान्यात एका दुपारी मार्तंड जेवायला गेलेला असताना शामलानं खाटेच्या दांडीकडे बघत विचारलं, “आत्याबाई, अनवाणीचं का सांगितलं तुम्ही?”

सिताबाईंनी नजर छताकडे वळवली.

“घर माणसांनी भरलेलं. तू एकटी. उठताना कमरेला हात लावत व्हतीस.” मग म्हणाल्या, “नुसतं नगं म्हटलं असतं तर ऐकली असतीस व्हय? म्हून देवीचं नाव घेतलं. तिच्या नावावर खोटं बोलले, तिनं पाय धरला. माजं अन् तिचं हाय ते. तू मधी येऊ नगंस.”

“पण मला—” शामला म्हणाली.

“सबूर. बाई येतीय सुई घेऊन.”

परिचारिका आली, पडदा ओढला गेला, आणि वाक्य राहून गेलं. नंतर ते बोलायला वेळ पुष्कळ होता. वर्षभर रोज सकाळी होता. शामला पलंगापाशी गुडघे टेकी, पीठ लावी, जड पायावर मोजा चढवी. आता डाव्या पायाला आधीपेक्षा जास्त वेळ लागे. एकही दिवस तिनं चुकवला नाही. अंगात ताप असताना नाही, माहेरी भावाचं लग्न निघालं तेव्हा नाही. अक्षता टाकून ती त्याच दिवशी परत आली. गल्लीतल्या बायका तिचं नाव सुनांना उदाहरण म्हणून सांगत. शामलासारखी सून मिळायला नशीब लागतं, कमलबाई तिच्या तोंडावर म्हणत, आणि शामला उठून आत जाई.

कणगी तिच्या डोळ्यासमोर असे. ज्वारी काढताना हात कणगीत जाई, मागं जात नसे. वहाणा बाहेर काढल्या तर कुणी तरी विचारील, या इथं कशा. न काढाव्यात तर त्या तिथं होत्याच.

पुन्हा नवरात्र आलं. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी कमलबाई बोलवायला आल्या. आज महाद्वारापर्यंत जाऊ या, बाहेरून तरी हात जोडा, म्हणाल्या. सिताबाई वर्षभर उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. पलंगाच्या कडेला पाय सोडून त्या बसल्या होत्या. मोजे नुकतेच चढवून झाले होते. शामला अजून खालीच होती, चुणी राहिली का ते बोटानं चाचपत.

“व्हा पुढं, येतो आमी,” सिताबाई कमलबाईंना म्हणाल्या.

कमलबाई गेल्या. बाहेर गल्लीतून संबळ वाजत गेला. तो लांब जाईपर्यंत सिताबाई थांबल्या.

“शामल, कणगीमागं बघ. वरीस झालं, कोळिष्टकं धरली असतील. झटकून आण.”

शामलाचं बोट मोज्यावर तसंच राहिलं. तिनं वर पाहिलं नाही. पलंगावरून उंबऱ्याचा तो कोपरा सरळ समोर दिसतो, हे तिला आज, इतक्या दिवसांनी, तिथं खाली बसल्या बसल्या कळलं.

ती उठली. कणगी भिंतीपासून जरा ओढली आणि हात मागं घातला. वहाणा कडक झाल्या होत्या. एकीच्या अंगठ्याला उंदरानं कुरतडलं होतं. तिनं त्या पदरानं पुसल्या, बोटाला तेल घेऊन चामड्याला चोळलं. पलंगापाशी येऊन पुन्हा गुडघ्यावर बसली. उजवा पाय गेला. डावा जाईना. पट्टा पावलावर चढेना. शामलानं विळी आणली, पट्ट्याची कडेची शिवण उसवली, चामडं ओढून सैल केलं, आणि पाऊल दोन्ही हातांत धरून आत सारलं.

“आत्याबाई, मला त्या दिवशी—”

“बसली बघ,” सिताबाई म्हणाल्या. “ऊठ. ऊन व्हायच्या आत जाऊन येऊ.”

उठण्यासाठी त्यांनी हात पुढं केला. या वेळी तो जोडलेला नव्हता. शामलाच्या डोक्यावर तो सगळ्या भारानिशी टेकला, आणि शामलानं तो भार घेतला, आणि दोघी एकदमच उभ्या राहिल्या.

उंबऱ्यापाशी सिताबाई थांबल्या.

“तुज्या वहाणा?”

“यंदा नाही घालत मी.”

सिताबाई सुनेच्या उघड्या पावलांकडे बघत राहिल्या. एका हातात काठी, दुसरा शामलाच्या खांद्यावर, असा त्यांनी उंबरा ओलांडला. गल्ली माणसांनी भरली होती, आणि सगळ्यांचे पाय अनवाणी होते. त्या पायांमधून सिताबाईंच्या वहाणांचा आवाज निघाला. उजवीचा नेहमीसारखा, आणि उसवलेल्या डावीचा जरा मागून, फरफटत.

लोक वळून बघत होते. सिताबाई मान ताठ ठेवून चालत होत्या. शामला खाली बघत चालली होती, त्यांच्या पावलापुढचे खडे आपल्या पायानं बाजूला सारत.